हात बसण्याचे शिक्षण : फिनलंडमधील हस्तव्यवसाय-शिक्षणाची परंपरा आणि मुंबई उपनगरातील पदवी अभ्यासक्रम – एक चिकित्सक विचार

सारांश

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत व्यावसायिक कौशल्याचे विषय समाविष्ट झाले आहेत. या संदर्भात फिनलंडचा दाखला वारंवार दिला जातो. प्रस्तुत लेखात फिनलंडमधील हस्तव्यवसाय-शिक्षणाची वाटचाल, १९३७ ची वर्धा योजना, शालेय कार्यानुभव आणि पाबळ येथील विज्ञान आश्रम यांचा तौलनिक विचार करून मुंबई उपनगरातील महाविद्यालयांच्या सद्यःस्थितीची चिकित्सा केली आहे. हस्तव्यवसायाचे शिक्षण टिकते ते अभ्यासक्रमातील त्याच्या स्थानामुळे नव्हे, तर ते शिकविणाऱ्या व्यक्तीच्या दर्जामुळे आणि ते शिकणाऱ्यास पुढे मिळणाऱ्या वाटेमुळे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हस्तव्यवसाय, स्लॉइड, नयी तालीम, कार्यानुभव, श्रेयांक, उपनगरीय महाविद्यालये

१. प्रस्तावना

मराठीत 'हात बसणे' असा एक अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. एखादे काम पुनःपुन्हा केल्यावर ते बुद्धीच्या आज्ञेची वाट न पाहता हातून नेटके होऊ लागते, तेव्हा त्या कामावर हात बसला असे आपण म्हणतो. सुताराचा रंध्यावर, शिंप्याचा कात्रीवर आणि लेखनिकाचा अक्षरावर हात बसतो. या वाक्प्रचारात शिक्षणविषयक एक पूर्ण सिद्धान्त सामावलेला आहे. हात बसण्यासाठी वेळ लागतो, हत्यार व साहित्य लागते आणि ज्याचा हात आधीच बसलेला आहे असा माणूस शेजारी उभा असावा लागतो. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर कामाविषयीची माहिती मिळते, काम येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी नवी श्रेयांकरचना निश्चित केली. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्षापासून लागू झाली. व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम, कौशल्यवृद्धी अभ्यासक्रम व कार्यप्रशिक्षण हे या रचनेचे घटक आहेत. कला व वाणिज्य शाखेच्या पदवीत हाताच्या कामाला श्रेयांकाच्या रूपाने प्रवेश मिळणे ही लहान घटना नव्हे. तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु स्वागत करताना हे पाऊल पूर्वी कोठे व कसे पडले आणि कोठे अडखळले, याचा शोध घेणे अध्यापकवर्गाचे कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

२. फिनलंड : लोकशाळेपासून विद्यापीठापर्यंत

फिनलंडमधील शिक्षणाचे आपल्याकडील कौतुक मुख्यतः 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००० सालच्या निकालानंतरचे आहे. पुढे त्या देशाचे गुणांक घसरत गेले, तरी कौतुकाचा ओघ ओसरला नाही. मात्र या कौतुकात त्या देशाच्या शिक्षणाचा एक जुना पाया क्वचितच लक्षात घेतला जातो. तो म्हणजे हस्तव्यवसाय.

फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग असताना उनो सिग्नेउस (१८१०–१८८८) या धर्मोपदेशकाने तेथील लोकशाळांची आखणी केली. पेस्टालॉझी व फ्रोबेल यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८६३ मध्ये युवास्क्युला येथे पहिले फिनिश भाषिक अध्यापक विद्यालय त्यांच्या प्रमुखत्वाखाली सुरू झाले आणि १८६६ च्या लोकशाळाविषयक आदेशाने हस्तकामास सामान्य शिक्षणात स्थान मिळाले. येथे 'सामान्य' हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलाला सुतार बनविणे हा या शिक्षणाचा हेतू नव्हता. डोळा, हात व विचार यांची एकत्रित मशागत करणे आणि श्रमाविषयी आदर रुजविणे, हा तो हेतू होता. १८७७ मध्ये स्वीडनचे ऑटो सालोमन यांनी सिग्नेउस यांची भेट घेतली. पुढे नेएस येथील सालोमन यांच्या प्रशिक्षण केंद्रातून 'स्लॉइड' या नावाने ही पद्धती अनेक देशांत पोहोचली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब पुढील आहे. सिग्नेउस यांनी आरंभ शाळेपासून नव्हे, तर अध्यापक विद्यालयापासून केला. हस्तकाम शिकविणारा शिक्षक आधी, विषय नंतर, असा हा क्रम होता. त्या अध्यापक विद्यालयाचे १९३४ मध्ये अध्यापन महाविद्यालय झाले आणि १९६६ मध्ये, म्हणजे लोकशाळा-आदेशानंतर बरोबर १०० वर्षांनी, युवास्क्युला विद्यापीठ झाले. १९७० च्या दशकात सर्व शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांकडे सोपविण्यात आले आणि त्या दशकाच्या अखेरीस शिक्षकासाठी पदव्युत्तर पदवी ही अट झाली. हस्तव्यवसायाचा विषयशिक्षकही याला अपवाद नाही. राउमा येथील १८९६ पासूनच्या अध्यापक विद्यालयाची परंपरा आज तुर्कू विद्यापीठाच्या विभागात चालू आहे आणि तेथे हस्तव्यवसायाचे शिक्षक विद्यापीठीय पदवी घेऊन बाहेर पडतात. गणिताचा शिक्षक आणि लाकूडकामाचा शिक्षक शिक्षककक्षात समान पात्रतेने बसतात, ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

कलाशिक्षणातही हेच दिसते. १८७१ मध्ये हेलसिंकीत निघालेल्या कारागिरीच्या शाळेचे पुढे कला व अभिकल्प विद्यापीठ झाले आणि २०१० मध्ये तंत्रविज्ञान व वाणिज्य या विषयांच्या विद्यापीठांशी तिचे विलीनीकरण होऊन आल्टो विद्यापीठ अस्तित्वात आले. मुंबईतील सर ज. जी. कलाशाळा १८५७ ची, म्हणजे त्याहून १४ वर्षांनी जुनी आहे. तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास २०२३ साल उजाडले.

उच्च शिक्षणाच्या पातळीवर फिनलंडने १९९१ पासून उपयोजित विज्ञान विद्यापीठांचा प्रयोग केला आणि १९९६ पासून त्यांना स्थायी रूप देण्यास आरंभ केला. या संस्थांत प्रवेशासाठी सामान्य उच्च माध्यमिक शिक्षण व व्यावसायिक शिक्षण या दोन्ही वाटा ग्राह्य आहेत. वार्षिक ६० श्रेयांकांसाठी तेथे १६०० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. कार्यप्रशिक्षणाचे किमान ३० श्रेयांक धरले, तर प्रत्यक्ष कामाचे सुमारे ८०० तास होतात. व्यावसायिक विषय शिकविणाऱ्या अध्यापकाकडे शैक्षणिक पात्रतेबरोबर त्या क्षेत्रातील किमान ३ वर्षांचा कामाचा अनुभव अपेक्षित असतो. २००५ पासून या संस्थांची पदव्युत्तर पदवीही स्थायी झाली. व्यावसायिक वाट धरलेल्या विद्यार्थ्यासमोर कोठेही भिंत उभी राहू नये, हे या रचनेमागील सूत्र आहे.

ही परंपरा निर्दोष आहे असे मात्र नाही. तेथील हस्तव्यवसायात दीर्घकाळ मुलग्यांना लाकूड व धातू आणि मुलींना कापड व सूत अशी विभागणी होती. नियमात निवडीचे स्वातंत्र्य आल्यावरही प्रत्यक्षात ती बराच काळ टिकून राहिली. २०१६ पासून अमलात आलेल्या अभ्यासक्रमाने दोन्ही प्रकारचे काम सर्वांसाठी एकाच विषयात आणले. म्हणजे ज्या समाजात जातिव्यवस्था नव्हती तेथेही हाताच्या कामावरील जन्मजात शिक्का पुसण्यास दीडशे वर्षे लागली. ही बाब आपल्यासाठी विशेष बोधप्रद आहे.

३. वर्धा योजना : तास आणि वेतन

हस्तव्यवसायाधिष्ठित शिक्षणाचा विचार महाराष्ट्रास परदेशातून आयात करण्याची गरज नव्हती. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी आपला अहवाल दिला. सेवाग्राम येथे आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी या विचारास मूर्त रूप दिले.

समितीने सुचविलेले दैनंदिन वेळापत्रक आजही थक्क करणारे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवली होती. हात बसण्यासाठी वेळ लागतो, हे या समितीने ओळखले होते. तथापि योजनेत एक कच्चा दुवा होता. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचे वेतन निघावे, अशी स्वावलंबनाची कल्पना तिच्या मुळाशी होती. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शाह यांनी परिषदेतच या कल्पनेवर आक्षेप घेतला होता. निर्धन देशात सर्वांपर्यंत शिक्षण पोहोचविण्याची तळमळ या कल्पनेमागे होती, हे नाकारता येत नाही. परंतु तिचा परिणाम असा होता की, शिक्षकाचा दर्जा मुलांच्या सुताच्या लडीशी बांधला गेला.

येथे दोन परंपरांतील भेद स्पष्ट होतो. फिनलंडमध्ये हस्तकामाच्या शिक्षकाचे वेतन सार्वजनिक निधीतून दिले गेले आणि मुलाने बनविलेली वस्तू त्याच्या घरी गेली. वर्धा योजनेत वस्तू बाजारात जाणार होती. पहिल्या ठिकाणी वस्तू हे शिक्षणाचे साधन राहिले, दुसऱ्या ठिकाणी ते शाळेचे उत्पन्न होण्याचा धोका निर्माण झाला. स्वातंत्र्यानंतर अन्य शाळांतील शिक्षकास जे वेतन, बढती व प्रतिष्ठा मिळाली, ती मूलोद्योगाच्या शिक्षकास मिळाली नाही आणि बुनियादी शाळा हळूहळू 'गरिबांची शाळा' ठरत गेली. शिक्षणतत्त्व म्हणून नयी तालीम अपयशी ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते तत्त्व वर्गात नेणाऱ्या माणसाची पुरेशी तजवीज झाली नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

४. कार्यानुभव : विषय राहिला, शिक्षक गेला

कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' ही संज्ञा दिली आणि १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हा शब्दप्रयोग रूढ केला. महाराष्ट्राच्या शाळांत कार्यानुभव हा विषय पोहोचला, त्याला तासिका व श्रेणी मिळाली. परंतु तो कोणी शिकवावा या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'ज्याची तासिका रिकामी असेल त्याने' असे राहिले. परिणामी पुठ्ठ्याच्या फाइली, मेणबत्त्या, खडू आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पालकांनी तयार केलेले शोभेचे नमुने, एवढ्यावर हा विषय येऊन ठेपला. आज महाविद्यालयात शिकविणाऱ्या पिढीतील बहुतेकांना हा अनुभव परिचित असावा. वेळापत्रकात असणे आणि शिक्षणात असणे यांत केवढे अंतर असू शकते, याचा हा धडा आहे.

५. पाबळचा अपवाद

या पार्श्वभूमीवर एका प्रयोगाची नोंद घेणे आवश्यक आहे. त्याचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) हे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर कार्यरत होते. तेथून बाहेर पडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेल्या मुलांना शेती, बांधकाम, लोखंडकाम, विद्युत व गृह-आरोग्य ही कामे प्रत्यक्ष करवीत विज्ञान शिकविणे, हे या प्रयोगाचे सूत्र होते. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा त्यांचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या मान्यतेने अनेक शाळांत पोहोचला.

पाबळच्या प्रयोगातील सर्वांत धाडसी भाग म्हणजे शिक्षकाची निवड. वेल्डिंग करणारा, गवंडीकाम जाणणारा, त्या परिसरात तो व्यवसाय करणारा माणूस तेथे निदेशक म्हणून वर्गात आला. मुलांनी केलेले काम गावाची खरी गरज भागविणारे असे. त्यामुळे काम चुकले तर गुण कमी होत नसत, दार बसत नसे. मूल्यमापनाचा याहून प्रामाणिक प्रकार शोधणे कठीण आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेच्या सहकार्याने पाबळला 'फॅब लॅब' सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अशा आरंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. रंध्यापासून अंकीय यंत्रापर्यंतचा हा प्रवास हस्तव्यवसाय म्हणजे भूतकाळ हा समज खोडून काढतो.

६. बलुत्याची छाया

फिनलंडचा दाखला देताना एक मूलभूत भेद दृष्टिआड होता कामा नये. तेथील शेतकरी हिवाळ्याच्या दीर्घ रात्री स्वतःच लाकूड कोरीत असे, स्त्रिया स्वतःच विणीत असत. आपल्याकडे हाताचे काम जातीत वाटलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत सुतार, लोहार, कुंभार, चांभार ही कौशल्यांची नावे होती, त्याचबरोबर ती जन्माची नावेही होती. दया पवार यांनी आपल्या आत्मकथनास 'बलुतं' (१९७८) हे नाव का दिले, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही.

म्हणून 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द आपल्याकडे निरागस नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना हाताच्या कामात जखडून ठेवले, त्यांच्या मुलांना महाविद्यालयाच्या दारातून पुन्हा त्याच कामाकडे वळविले जात आहे, अशी शंका आली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. इंग्रजी, गणित व कायदा एका वर्गासाठी आणि शिवण, केशकर्तन व प्लंबिंग दुसऱ्या वर्गासाठी, अशी विभागणी कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नसली तरी शुल्क, माध्यम व गुण यांच्या चाळणीतून ती आपोआप घडू शकते. या शंकेचे निरसन भाषणांनी होणार नाही. ते दोनच गोष्टींनी होईल. एक, हाताचे काम सर्वांसाठी असावे. दोन, त्या कामाची वाट पदवी, पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांपर्यंत मोकळी असावी. फिनलंडने लिंगभेदाच्या बाबतीत हेच केले. आपल्याला ते जातिभेदाच्या बाबतीत करावयाचे आहे आणि ते अधिक कठीण आहे.

७. उपनगरातील महाविद्यालय : एक विसंगती

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या परिसराकडे या दृष्टीने पाहिले असता एक विसंगती ठळकपणे जाणवते. हा परिसर कारागिरीने गजबजलेला आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडविले जातात. मरोळ व साकीनाका येथील गाळ्यांत सुटे भाग, साचे व वेल्डिंगची कामे चालतात. मालाडमध्ये नकली दागिन्यांचा मोठा व्यवसाय आहे. फर्निचर, शिवणकाम, छपाई व दुरुस्तीची दुकाने तर प्रत्येक वस्तीत आहेत. मुलुंड व बोरिवली येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९६९ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र आहे, तर देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने व्यावसायिक शिक्षणाच्या पदवीचा स्वतंत्र प्रयोग केला आहे. या सर्वांच्या मधोमध कला व वाणिज्य महाविद्यालये उभी आहेत आणि त्यांतील विद्यार्थी बहुधा याच गाळ्यांच्या व दुकानांच्या घरांतून येतात.

तरीही व्यावसायिक कौशल्याचा तास बहुशः फळ्यासमोर होतो. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांची तुकडी, कार्यशाळेचा अभाव, साहित्यासाठी तरतूद नाही आणि अध्यापकांचा कार्यभार टिकविण्याची निकड, या चौकटीत असे विषय निवडले जातात की जे व्याख्यानाने शिकविता येतील आणि बहुपर्यायी प्रश्नांनी तपासता येतील. यात अध्यापकांना दोष देणे योग्य नाही. भाषा किंवा वाणिज्य शिकविण्यासाठी नियुक्त झालेल्या व्यक्तीकडून लाकूडकामाची अपेक्षा करणे हाच मुळात अन्याय आहे. दोष रचनेचा आहे. कार्यानुभवाची पुनरावृत्ती, एवढाच फरक की ती आता पदवीच्या पातळीवर होत आहे.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. प्रात्यक्षिकाच्या १ श्रेयांकास ३० तास धरल्यास २ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमास एका सत्रात ६० तास मिळतात. वर्धा योजनेतील बालकास एवढे तास शाळेच्या १८ दिवसांत मिळाले असते. ६० तासांत हात बसत नाही. फार तर हत्याराची ओळख होते. ही ओळखही मोलाची आहे, परंतु तिला 'कौशल्य' म्हणून प्रमाणपत्र देणे ही विद्यार्थ्याची आणि त्याच्या भावी मालकाची फसवणूक ठरेल.

याउलट ज्या विद्यार्थ्याने वडिलांच्या गाळ्यात चार वर्षे लेथ चालविली आहे, त्याच्या हाताची पदवीत कोठेही नोंद होत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवजन्य शिक्षणास श्रेयांक देण्याची वाट कागदोपत्री मोकळी केली आहे, पण महाविद्यालयाच्या खिडकीवर ती अद्याप दिसत नाही. परिणामी हा विद्यार्थी सकाळी 'उद्योजकता' या विषयाच्या व्याख्येचे पाठांतर करतो आणि दुपारी प्रत्यक्ष उद्योग करतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, असे त्याला कोणी सांगत नाही.

८. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) फिनलंडकडून घ्यावयाचा धडा विषयाचा नसून क्रमाचा आहे. तेथे आधी हस्तव्यवसायाचा शिक्षक घडविला गेला, त्याला सार्वजनिक वेतन व कालांतराने विद्यापीठीय दर्जा मिळाला. आपल्याकडे वर्धा योजनेपासून श्रेयांकरचनेपर्यंत विषय आधी आला आणि शिक्षक नंतर शोधला गेला.

(२) कारागिरास वर्गात आणण्याची तरतूद आज उपलब्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदासाठी औपचारिक पदवी अनिवार्य न मानता किमान १५ वर्षांच्या अनुभवास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये कलावंत व कारागीर यांना उच्च शिक्षणसंस्थांशी जोडण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मात्र या तरतुदीचा लाभ केवळ निवृत्त अधिकारी व कंपन्यांतील वरिष्ठ व्यवस्थापक यांनाच मिळाला, तर तिचा हेतू विफल होईल. साकीनाक्याचा साचेकार या पदावर बसू शकतो का, ही तिची खरी कसोटी आहे.

(३) प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र कार्यशाळा उभारणे शक्य नाही. परंतु मुलुंड वा बोरिवलीतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था व परिसरातील तीन-चार महाविद्यालये यांनी मिळून कार्यशाळेचा वापर करणे, लहान गट करणे आणि श्रेयांक परस्परमान्य करणे शक्य आहे. त्यातून प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यासही महाविद्यालयाचे ग्रंथालय व पदवीची वाट खुली व्हावी. ही देवाणघेवाण एकतर्फी असू नये.

(४) मूल्यमापन वस्तूवरून व कामाच्या रोजनिशीवरून व्हावे. काय बिघडले, का बिघडले आणि दुसऱ्या वेळी काय बदलले याची मराठीतील नोंद हाच उत्तम प्रबंध होय. या नोंदीचे परीक्षण मात्र भाषेचा व समाजशास्त्राचा अध्यापक करू शकतो. कार्यभाराच्या चिंतेचे उत्तरही काही अंशी येथेच आहे. कारागिराच्या येण्याने अध्यापक अनावश्यक ठरत नाही. हाताने केलेल्या कामाला शब्द, इतिहास व अर्थशास्त्र जोडून देणे हे त्याचेच काम आहे.

उपनगरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या चर्चेत पुष्कळ काही पणास लागले आहे. ही संधी योग्य रीतीने हाताळली तर त्याच्या घरातील कौशल्य प्रथमच ज्ञान म्हणून मान्य होईल आणि त्याची पदवी कोणाहूनही उणी राहणार नाही. ती चुकीच्या रीतीने हाताळली तर दोन श्रेयांकांचे एक निरुपयोगी प्रमाणपत्र त्याच्या हाती पडेल आणि जुनी उतरंड नव्या नावाने पुढे चालू राहील. कार्यानुभवाच्या तासिकेत आपल्या पिढीला जे मिळाले नाही, ते पुढील पिढीस द्यावयाचे असेल तर विषयसूची तयार करण्यापूर्वी हा विषय कोणाच्या हातून शिकविला जाणार आहे, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासमंडळाने प्रथम विचारला पाहिजे.